सव्वा मुठीचा प्रोग्रॅम

४ जुलै १९९४, सोमवार. जळगाव

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या असतात. मी काढल्या आणि सवयीनं उंबऱ्याला हात लावून नमस्कारही केला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती लता, वरणगावची, वडील तिथल्या फॅक्टरीत आहेत. शहरात खोलीही तिच्याबरोबरच मिळाली आहे, त्यामुळे या हसण्याचा वचपा काढायला दोन वर्षं आहेत.

खोली मात्र थंडगार! आमच्याकडे उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात आणि इथे यंत्रांना गारवा. मी तासभर नुसती की-बोर्डवर स्वतःचं नाव लिहीत बसले. कुंदा, कुंदा, कुंदा. विद्यापीठात एम.एस्सी. कॉम्प्युटर करणारी आमच्या भावकीतली मी पहिली. (शेवटची न ठरो.)

एस.टी.त बसवताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुन्हा बजावलं, "बी.एड.नी दुसरी यादी ऑगस्टना आखरीले लागस. जमनं नही ते लाज धरू नको, परत ये." धुळ्याला बी.एड. केलं की मास्तरीण, घराजवळ, सगळे खूश. मी सोडून.

१५ जुलै, शुक्रवार

डेटा स्ट्रक्चर्सची पहिली चाचणी. वीसपैकी चार. त्यातला एक गुण नाव-नंबर नीट लिहिल्याबद्दल असावा.

सगळं अडलं ते रिकर्शनपाशी. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला एक काम करणारा तुकडा, इथवर कळतं. पण रिकर्शनमध्ये तो तुकडा काम करता करता स्वतःलाच हाक मारतो. स्वतःला हाक मारणारी माणसं आमच्या गावात दोन आहेत आणि दोघांनाही घरचे जपतात. लतानं दोन आरसे समोरासमोर धरून समजावलं. मला आरशात फक्त माझं रडवेलं तोंड दिसलं, ओळीनं वीस वेळा.

आबांना कळवलेलं नाही. कळवायला हवं.

१८ जुलै, सोमवार

भारंबे सर हसत नाहीत. हसल्यासारखा चेहरा करतात आणि मग फळ्याकडे वळतात. आज म्हणाले, "पुस्तकातली गणितं पुरे. प्रत्येकानं आपल्या घरचा एक प्रश्न आणायचा आणि त्यावर प्रोग्रॅम लिहायचा. उत्तर घरी वापरायचं. बरोबर आलं तर कागदाखाली घरच्या वडीलधाऱ्याची सही. सही नाही तर शून्य. चोवीस ऑगस्टला द्या. चाचणीत पडलेल्यांना हीच शेवटची संधी." शेवटचं वाक्य बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे माझ्याबद्दलच होतं.

यात पडले तर ऑगस्टअखेर बी.एड.

२४ जुलै, रविवार. गाव

मुकटीला उतरून दोन मैल चालले. चिखलात एक चप्पल गेली, पण प्रश्न मिळाला!

तीन आठवड्यांवर कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आमच्या झिपरूबाबांचा वंश एवढा पसरलाय की माणूस सुटतोच. मागच्या वर्षी मगनकाकांचं तान्हं राहून गेलं आणि काकू आजतागायत रुसलेल्या आहेत. माप घेते मोठी माय, म्हणजे आबांचे थोरले भाऊ चुडामण नाना, त्यांची बायको बेबाबाई. वाचता येत नाही, पण मोजणीत तिचा हात धरणारं कुणी नाही. तिच्या पत्र्याच्या पेटीत लाल कापडाची एक पिशवी आहे, तीत दर पुरुषामागे एक चिंचोका. पेटीत तशीच एक हिरवी पिशवीही दिसली. मी हात घातला तर तिनं हळूच झाकण लावलं, "ती तुना कामनी नही."

मी म्हटलं, यंदा यंत्र मोजेल. नाना म्हणाले, "मोजू द्या, रुसवा तरी टळी." मोठी माय नावं सांगायला बसली. झिपरूबाबांपासून खाली, कुणाला किती लेकरं, कोण हयात, कोण गेलं, सगळं जन्माच्या क्रमानं आणि एकदाही न अडता. माझी वही भरली. मध्येच थांबून तिनं विचारलं, "नाव देखीसन यंत्रले समजस का, पोऱ्या शे का पोर?"

मुलगा की मुलगी, हे यंत्र नावावरून ओळखणार! मला हसू आलं. म्हटलं, "त्याले काहीच समजत नही मोठी माय. आपण सांगू तितलंच."

"अस्सं," ती म्हणाली, आणि पुढची नावं सांगू लागली. बिचारी. यंत्र म्हणजे तिला देवऋषी वाटत असणार.

संध्याकाळी नानांनी सहज भावकीतल्या पुन्याकाकांना विचारलं, तुमच्याकडचे किती येतील? पुन्याकाका म्हणाले, थांबा, पोरांना विचारतो. त्यांच्या पोरांनी आपापल्या पोरांना विचारलं. सगळ्यात धाकटा नातू म्हणजे वंशाचा शेंडा, त्याला मूलबाळ नाही, तो म्हणाला, "मी एकटा." मग उत्तरं बेरजा होत होत परत नानांपर्यंत आली.

मी ओट्यावरून ताडकन उठले. हेच की रिकर्शन! प्रत्येक घर आपला एक धरतं आणि पोरांच्या घरांना तोच प्रश्न विचारतं. आईला मिठी मारली. तिला वाटलं चप्पल सापडली.

२९ जुलै, शुक्रवार. जळगाव

प्रोग्रॅम चालवला आणि यंत्र बसलं ते बसलंच. पडदा गोठला. आमच्या यंत्रावर नंबर लावून बसलेली मुलं माझ्याकडे बघायला लागली. सर आले, बघितलं, म्हणाले, "हा विचारतच सुटलाय. थांबायचं कुठे ते सांगितलंय का?"

शेंडा! 'मी एकटा' म्हणणारा शेंडा मी लिहिलाच नव्हता.

१० ऑगस्ट, बुधवार

चाललं! चाललं! चाललं!

मधले बारा दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं फक्त चुकाच होत्या. आधी उत्तर आलं ब्याण्णव. मी लगेच ओळखलं, यात गेलेली माणसं आलीत, झिपरूबाबासुद्धा. प्रत्येक नावापुढे हयात आहे की नाही याची खूण टाकली. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की लताला भरीत-पुरी खाऊ घातली. आज शेवटी प्रिंटरनं करकरत कागद बाहेर टाकला. 'एकूण: ७४'. आपण एवढे आहोत? मला तर अभिमानच वाटला.

लता म्हणाली, पुन्हा एकदा तपास. म्हटलं, मेलेल्यांनासुद्धा वगळलंय, आणखी काय तपासू?

१२ ऑगस्ट, शुक्रवार. गाव

मोठी माय न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, उपाशी पोटी गव्हापुढे बसली. मी कागद वाचला, "चौऱ्याहत्तर."

"कितला?"

"चौऱ्याहत्तर, मोठी माय."

तिनं चिंचोक्यांची पेटी मागितलीही नाही. "यंत्रनी मोजं ना?"

"हा."

"मंग बरोबर," म्हणाली आणि मुठी भरायला लागली. मी मोजत होते, ती प्रत्येक मुठीला ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. मंत्र असेल. शेवटी शेवटी तिचे डोळे भरून आले. माझ्या शिक्षणाचं घरात कुणालातरी एवढं कौतुक आहे बघून मलाही भरून आलं.

दळण लगेच गिरणीवर गेलं. गिरणीवाल्यानं रोटांसाठी गिरणी धुऊन ठेवली होती.

१३ ऑगस्ट, शनिवार

मेले मी.

दुपारी नानांनी पिठाचा डबा उचलला आणि खाली ठेवला. "कितला मुठी लिध्यात?" मोठ्या मायनं सांगितलं. नाना विकास सोसायटीत वीस वर्षं सेक्रेटरी होते, आकडा त्यांच्या घशाखाली सहज उतरत नाही. "मांगला साल चाळीस मानसं व्हतात. एक पोऱ्या वाढना. एक्केचाळीस व्हवाले जोयजे. ह्या तेहतीस कोन?"

मी वही उघडली. तानू, वच्छला, कुंदा... मुलगा-मुलगी अशी खूण मी टाकलीच नव्हती! माप पुरुषांच्या नावाचं असतं हे मला पाळण्यातून माहीत आहे, तरी प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं. मेल्यांना वगळलं आणि जित्या पोरी मोजल्या. स्वतःलासुद्धा!

"नाना, पोरी बी मोजाई गयात," मी कसंबसं म्हटलं. "एक ओळ बदलनी की बरोबर व्हई."

"कागदवर व्हई. पीठनं काय?"

सगळी माणसं गोळा झाली. आबा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर बी.एड.ची यादी असणार. तेवढ्यात मोठी माय चुलीपासून उठली. "कानबाईना नावनं माप परत कोठीमा जात नही. ज्याना नावनी मूठ, त्यानी खावाना रोट. पोरीस्ले बलावा."

"लगीन व्हयेल पोरीस्ले? आपली रीत नही," नाना म्हणाले. आमच्यात लग्न झालेल्या मुलीला रोट देत नाहीत, ती दुसऱ्या कुळाची झाली.

"रीत मी कोठे मोडी? यंत्रनी मोजं."

"यंत्र चुकनं!"

"कसं चुकी? इद्यापीठनं शे."

 मोठी माय शांतपणे म्हणाली, "पुनीना आत संपाडनं पडी. आठ दिन शेत." आणि वळून पुन्हा चुलीपाशी गेली. रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात.

संध्याकाळपर्यंत निरोप सुटले. एस.टी.चे कंडक्टर, दूधवाला, मुकटीच्या फोन बूथवरून धुळे आणि चाळीसगाव. माझ्या एका विसरलेल्या ओळीपायी तालुकाभर धावपळ. मला तोंड लपवायला जागा नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

आज रोट झाले. आणि खरं लिहू का? इतकी मजा मला आयुष्यात आली नाही.

नारळाचं मुख, नाकात नथ, अंगावर दागिने, कानबाई चौरंगावर कशी झळकत होती! दुपारपर्यंत जवळपासच्या गावांतल्या सहा लेकी येऊन पोहोचल्या. आधी सगळ्या दारातच घोटाळत होत्या. आपल्याच माहेरी पाहुण्यासारख्या. मोठ्या मायनं एकेकीला नावानं हाक मारून पंगतीत बसवलं. रोट, खीर, आमटी, गंगाफळाची भाजी. तानूताई पहिला घास घेऊन खूप वेळ चावतच राहिली. "चव आठवत व्हती," म्हणाली. "सोळा साल."

मग फुगड्या सुरू झाल्या त्या अंधार पडेपर्यंत. मगनकाकांच्या रुसलेल्या काकू नानांच्या धाकट्या सुनेबरोबर फुगडी खेळल्या. मीही इतकी घुमले की घेरी आली.

फक्त नाना कोपऱ्यात पंचांग उघडून बसले होते. बहुधा पौर्णिमा पुढे जाते का ते बघत असावेत.

१५ ऑगस्ट, सोमवार

कानबाई नदीला पोहोचवली. वाजतगाजत, नाचत. शाळेतली झेंडावंदनाची पोरं हातात कागदी झेंडे घेऊन तशीच मिरवणुकीत शिरली.

निघताना नानांपुढे कागद धरला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चुकेल कागदवर मी सही करत नही, पोरी." बरोबरच आहे त्यांचं. आबांनीही मान फिरवली, थोरल्या भावानं नाकारलेल्या कागदावर ते कशी करतील? म्हणजे शून्य.

मी पिशवी भरत होते तर मोठी माय आली. "मना अंगठा चाली का?" आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता ओल्या कुंकवात अंगठा बुडवून ७४ च्या खाली दाबला. तिला बिचारीला वाटतंय उत्तर बरोबर आलं. मला तिला खरं सांगवेना.

२० ऑगस्ट, शनिवार. गाव

उद्या पौर्णिमा, राखी. म्हणून पुन्हा आले. बाकीच्या लेकी आठवडाभरात येऊन जेवून गेल्या. तीन रोट शिल्लक होते आणि एकच माणूस राहिलं होतं, चाळीसगावची धुरपदा फुई. नाना-आबांची एकुलती बहीण. गुडघे दुखतात, ती काही येत नाही असं सगळे धरून चालले होते.

फुई दुपारच्या एस.टी.नं आली. दोन मैल चालत! नानांच्या शेजारच्या पाटावर बसली. रोट आधी कपाळाला लावला. "एकतीस साल व्हयनात, भाऊ," एवढंच बोलली आणि रडायला लागली. नाना इकडे बघतात, तिकडे बघतात. मग त्यांनी स्वतः उठून तिच्या ताटात भाजी वाढली. आमच्या घरात नानांनी कुणाला वाढताना मी आजवर पाहिलं नव्हतं. जास्तच वाढली, ताटाबाहेर सांडली.

जेवण झाल्यावर हात पुसत मला म्हणाले, "तो कागद आन."

चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि एकदम चिडले. "उजवा अंगठा कोनी सांगा व्हता? अन् साक्षीबिगर अंगठा कोठे चालस?" मोठ्या मायला बोलावून शाईच्या पॅडवर डावा अंगठा घ्यायला लावला. खाली सोसायटीतल्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा, बेबाबाई चुडामण. समक्ष.' आणि झोकात सही ठोकली.

मी विचारलं, "नाना, पण आकडा?"

"खावाले कितला बसनात?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकताच शेताकडे निघून गेले.

२४ ऑगस्ट, बुधवार. जळगाव

सरांना कागद दिला आणि चूकही सांगून टाकली. एक्केचाळीस यायला हवे होते, चौऱ्याहत्तर आले. कुंकवाचा अंगठा, शाईचा अंगठा, साक्षीची सही, सरांनी एकेक निरखून पाहिलं.

"माप किती जणांच्या नावे घेतलं?"

"चौऱ्याहत्तर."

"खाल्लं किती जणांच्या नावे?"

"तेवढ्याच, सर."

"मग हे घरी वापरलेलं बरोबर उत्तर आहे. प्रश्न तू चुकीचा लिहिलास." चेहरा हसल्यासारखा झाला. वीसपैकी सोळा. चार कापले ते लिंगाची खूण न ठेवल्याबद्दल. मग फळ्याकडे वळले, पण या वेळी खांदे हलताना दिसले मला.

लतानं मला सगळ्या आवारात ओढत फिरवलं. पुन्हा एक चप्पल गेली, या वेळी तुटून.

२ सप्टेंबर, शुक्रवार

आबांचं पोस्टकार्ड. 'बी.एड.ची यादी लागली. तुझं नाव होतं. जागा सोडली असं कळवून आलो. चपला घे. आशीर्वाद.' पाच वेळा वाचलं. एवढं लांब पत्र आबांनी आजवर कुणाला लिहिलं नसेल.

५ नोव्हेंबर, शनिवार. गाव

भाऊबीज. दुपारी मोठ्या मायनं मला एकटीला गाठलं. "यंत्रमा मनं माहेर टाकता यी का?"

म्हटलं, का नाही? तर ती सुरूच झाली. आपल्या आज्यापासून खाली, शिरपूरकडच्या त्या घरातली झाडून सगळी नावं. लेक-लेकी, न अडता. तिथून निघून तिला चव्वेचाळीस वर्षं झाली! "मोजीसन कागद मना भाऊले धाडी दे. इद्यापीठनं नाव वर लिख. मोठा अक्षरमा."

"आणि मोठी माय, मुलगा-मुलगी खूण टाकू का? आता मला येतं."

"नको," ती म्हणाली. "मांगला सारखंच राहू दे."

तिला त्यातलं काय कळणार? पण म्हटलं, म्हणते तसं करू.

४ ऑगस्ट १९९५, शुक्रवार. गाव

यंदा माप मी घेतलं.

मोठी माय घरी नाही. मंगळवारी तिचा भाऊ स्वतः न्यायला आला होता. खिशात माझा प्रिंटरचा कागद, घडीवर घडी पडलेला. "आमना घर मूठ निंघी ऱ्हायनी बेबाना नावनी," नानांना म्हणाला. "कागदच तसा उना. इद्यापीठना." तिच्या माहेरी यंदा तिच्याही नावाची मूठ निघणार होती. नानांनी स्वतः तिची पिशवी उचलून फाट्यापर्यंत पोहोचवली.

जाताना ती पेटीची किल्ली माझ्या हातात देऊन गेली. "यंदा यंत्र नको. पेटी देख."

आज न्हाऊन, उपाशी पोटी पेटी उघडली. लाल पिशवीत बेचाळीस चिंचोके, यंदा एक मुलगा वाढलाय. मग हिरवी पिशवी सोडली. मोजले. पुन्हा मोजले. चौतीस. मागच्या वर्षी पोरी तेहतीस होत्या, चैत्रात छगनकाकांना नात झाली.

त्यातला एकच चिंचोका नवा, तांबूस. बाकीचे वर्षानुवर्षं हाताळून काळे, गुळगुळीत झालेले. एक तर इतका झिजला होता की तो फुईचाच असणार.

 आईनं आतून हाक मारली, अगं, गिरणीवाला खोळंबलाय. मग मी दोन्ही पिशव्या एका सुपात ओतल्या, डोळे पुसले आणि पहिली मूठ भरली. धुरपदा फुईच्या नावानं.